चार बोटं जागा

अकोल्याच्या एका सभागृहात, भरल्या व्यासपीठावर, प्रमुख पाहुणे आणि प्राचार्य यांच्या मधोमध उभा राहून मी एक दोरा दातांनी तोडला. ही गोष्ट आमच्या घरी आल्यागेल्याला अजून सांगितली जाते. सांगते अर्थात बायको. तिच्या सांगण्यात दरवेळी दोरा जाड होत जातो आणि माझे दात म्हातारे.

झालं होतं असं. आमच्या अमरावतीच्या कॉलेजातल्या मुलांनी एका गाण्याचा व्हिडिओ केला होता आणि त्या अल्बमचं वेष्टनही घडवलं होतं. विद्यार्थ्यांच्या अशा कामांची स्पर्धा अकोल्याला होती आणि मी त्या मुलांचा मार्गदर्शक होतो. वेष्टन उघडायचं आणि आतली तबकडी पाहुण्यांच्या हातात द्यायची, एवढंच मार्गदर्शन माझ्याकडं उरलं होतं. वेष्टन देखणं होतं. पुठ्ठ्यावर बैलाच्या झुलीचं लाल कापड, कडेला आरशाच्या टिकल्या, आणि भोवती एकच पांढरा दोरा. झाकण कुठं चिकटवलेलं नव्हतं, नुसतं बांधलेलं होतं. दोऱ्याचं एक टोक ओढलं की गाठ सुटावी आणि चारी पाकळ्या आपोआप उघडाव्यात, अशी ती करामत.

मी दुसरं टोक ओढलं. गाठ आवळली. आणखी ओढलं, आणखी आवळली. पाहुणे हसले. प्राचार्य हसले नाहीत. मग मी तोंड जरा बाजूला करून दात लावले, आणि दोऱ्याबरोबर लाल कापडाची एक पाकळीही माझ्या दातांत आली.

तेव्हा अगदी शेवटच्या रांगेतून आवाज आला, "मास्तर, उजवीकडलं! उजवीकडलं टोक ओढा म्हनलं होतं ना तुमाले!"

सगळं सभागृह मागं वळलं. तिथं एक वाळका माणूस उभा होता. पांढरा सदरा, हातात टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते पुंजाभाऊ. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसलो, आणि पहिल्या पानावर स्वतःच येऊन बसलो. माझी ही खोड जुनी आहे. पुढं ती उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पुंजाभाऊ आमच्या ग्रंथालयात परिचर होते. हुद्द्यानं परिचर, कामानं बाइंडर. ग्रंथालयाच्या मागं जिन्याखाली त्यांची खोली. तिच्यात लोखंडी चाकाचा दाब, पुठ्ठ्यांची चळत, आणि शेगडीवर रटरटणारी मैद्याची खळ. खळीला कीड लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालत. त्या मोरचुदानं त्यांच्या उजव्या तर्जनीचं नख कायम निळं असायचं. नवीन आलेल्या मुलांना वाटे, हा माणूस कालच मतदान करून आला.

कॉलेजात मला सगळे सर म्हणतात. पुंजाभाऊ मास्तर म्हणायचे. सुरुवातीला मला ते खटकलं. मी विचारलं, तर म्हणाले, "सर तं ढीगभर हायेत इथी. मास्तर एखांदाच असते."

मी चार दिवस छाती काढून फिरलो. पाचव्या दिवशी कँटीनमध्ये ऐकलं, ते चहावाल्याला म्हणत होते, "मास्तर, एक हाफ चाय."

पुस्तकं त्यांनी हजारोंनी बांधली, पण प्रत्येकाचं पहिलं पान आणि शेवटचं पान, एवढंच वाचलं. पुठ्ठ्याला चिकटतात ती हीच पानं, आणि खळ वाळेपर्यंत हाताला दुसरं काम नसतं. "मंधात काय अशीन ते लेखक पाहून घेईन," म्हणायचे. "मानूस आला कसा न गेला कसा, एवढं समजलं का झालं." गंमत म्हणजे तेवढ्यावर ते पुस्तकाबद्दल जे बोलत, ते बहुतेक वेळा बरोबर निघे. माझा एम.फिल.चा प्रबंध त्यांनीच बांधला होता. विषय अर्थशास्त्राचा. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि म्हणाले, "मास्तर, तुमी जिथून निंगाले तिथीच पोचले." मार्गदर्शकांनी हेच चार पानांत लिहिलं होतं.

पण पुंजाभाऊंची खरी ओळख बाइंडिंगची नव्हे, झडत्यांची. आमच्याकडं पोळ्याला गावच्या आखरावर बैल ओळीनं उभे करतात, वर आंब्याच्या पानांचं तोरण ताणतात, आणि तोरण तुटेपर्यंत माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचा यमकातला टोला. म्हणणारा टोला हाणतो आणि सगळं गाव 'हर हर महादेव' करून त्यावर शिक्का मारतं. पुंजाभाऊंचं गाव आणि माझं गाव एकच, चांदूर बाजाराहून थोडं आत. माझा थोरला भाऊ, दादा, तिथं शेती करतो, आणि आई त्याच्याकडं असते. त्यामुळं लहानपणापासून मी तोरणाखाली पुंजाभाऊंना ऐकत आलो. अंगात माणूस नव्हताच, नुसता आवाज होता.

"नळाले तोटी, टाकीले झाकन,
पान्याचा पत्ता सांगन कोन?"

सरपंच समोर बसलेला असे. हसावं लागे, कारण झडतीवर रागवायचं नाही हा नियम. दुसरा नियम नाव घ्यायचं नाही. पुंजाभाऊ समजावून सांगत, "नाव घेतलं का ते शिवी झाली. नाव नाही घेतलं, तं सारं गाव आपल्या आपल्या अंगावरून हात फिरवून पाह्यते. ज्याले लागली, तो उठते." आणि तिसरी गोष्ट, जी ते वारंवार म्हणत आणि जिचा मी पुढं सोयीनं उपयोग केला, "झडतीले बाप नसते मास्तर. ज्याच्या तोंडी, त्याची."

आता व्हिडिओकडं येतो. आमच्याकडं पत्रकारितेचा वर्ग आहे. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक गाणं चित्रित करायचं असतं आणि अल्बमचं वेष्टन करायचं असतं. अभ्यासक्रम जुना, त्यात तबकडी लिहिलेली. ती तबकडी लावून पाहायचं यंत्र आमच्या अख्ख्या इमारतीत नव्हतं, पण वेष्टन हवंच. त्या विभागाला माणूस कमी पडत होता. मी एकदा चुलतभावाच्या लग्नाचं चित्रण केलं होतं, ज्यात नवरदेवाचं डोकं कुठंच आलं नव्हतं. एवढ्या पुण्याईवर मला मार्गदर्शक नेमलं.

गटाची प्रमुख प्राजक्ता नावाची मुलगी, चुणचुणीत. तिला गाणं सापडेना. एक दिवस पुस्तक परत करायला गेली, तर जिन्याखालून आवाज आला. दाबाचं चाक फिरवताना पुंजाभाऊ त्या तालावर म्हणत होते,

"पोरगं शिकलं, झालं सायेब,
गावात आलं का रेंज गायेब!"

ती धावत माझ्याकडं आली. "सर, गाणं जिन्याखाली आहे आपलं."

पुंजाभाऊ आधी तयार होईनात. पोळा भाद्रपदाच्या तोंडावर, आणि मुलांना चित्रीकरण करायचं फेब्रुवारीत. "पोळ्याबिगर झडती म्हंजे नवरीबिगर वरात," असं त्यांचं म्हणणं. मग एक अट घातली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांना जेवणाचं आवतण देतात. तसं रीतसर आवतण दिलं तरच उद्या झडती निघेल.

शहराबाहेर एका माळ्याच्या भाजीच्या मळ्यात बैलजोडी मिळाली होती. आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे तिथं. पुंजाभाऊंनी वाटीत तूप-हळद कालवली, दोन्ही बैलांचे खांदे चोळले, कपाळाला हात लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या शुटिंगले या."

मुलं हसून लोळली. पुंजाभाऊ हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून पुरणपोळ्या करून आणल्या होत्या, बैलांना त्या आधी, आम्हाला नंतर. बैल इतके शहाण्यासारखे वागले की बस. ड्रोन उडाला तरी मान हलवली नाही. बुजलो मी. तो भुणभुणत माझ्या डोक्यावर आला, मी मागं सरकलो आणि मेथीच्या वाफ्यात बसलो. व्हिडिओत ते दोन सेकंद आहेत. प्राजक्ता म्हणाली, "सर, ते काढून टाकलं तर लय तुटते."

गाण्यात आवाज पुंजाभाऊंचा, शब्द त्यांचे, ताल त्यांच्या दाबाच्या चाकाचा. वेष्टनही त्यांचंच. मुलांनी संगणकावर काढलेली चित्रं पाहून ते म्हणाले होते, "हे सारं सपाट हाय पोट्टेहो. डबी अशी पायजे का तोरण तुटल्यावानी उघडली पायजे." बाजारातून झुलीचं कापड त्यांनीच निवडलं. गाठ त्यांनीच शोधली. मुलांना पुठ्ठा कापायला, कापड ओढायला, कोपरा मारायला शिकवलं. शंभर डब्या करायच्या होत्या. पंधरा दिवस जिन्याखाली शाळा भरली.

त्याच दिवसांतली एक दुपार. मुलं जेवायला गेलेली. पुंजाभाऊ डबीची मागची बाजू माझ्यासमोर धरून म्हणाले, "इथी नावं छापतात ना हो मास्तर?"

"हो. मागं लेबल लागेल. कोणी काय केलं, त्याची यादी."

"म्हनून चार बोटं जागा ठेवली मी." त्यांनी खरंच चार बोटं टेकवून दाखवली, निळं नख कडेला. मग दाताखालचा दोरा काढून म्हणाले, "माह्यं नाव कुठी छापून नाही आलं मास्तर. रेशन कार्डावर हाय, ते हातानं लिहेल."

"लग्नाची पत्रिका?"

"तीबी हातानंच लिहेल होती. माह्याच हातानं."

आम्ही हसलो. अशा हसण्यानंतर माणूस सैल होतो. ते आपलं मनातलं बोलले होते. मलाही काहीतरी बोलावंसं वाटलं, आणि दोन वर्षं कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट मी त्यांना सांगून टाकली.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं होतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर इथंच राहू द्या. बायको तेव्हा माहेरी, तेल्हाऱ्याला होती, भाचीचं लग्न होतं. घरात आई आणि मी. आई पहाटे चारला उठायची, भांडी वाजवायची, मोठ्यानं बोलायची. माझे सहकारी भेटायला आले, तर त्यांना म्हणाली, हा सातव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करत होता. ते हसले. मी अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी म्हणालो, "आई, पाहुणे येणार आहेत, खोली लागेल." पाहुणे कुणी येणार नव्हते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं तिनं माझ्याकडं पाहिलं, कोण पाहुणे विचारलं नाही, आणि पिशवी भरली. दादाला मी सांगितलं, तिला शहरात गमत नव्हतं. बायकोलाही तेच सांगितलं.

गावात अर्थातच सुनेच्या नावानं बोटं मोडली गेली. सासू डोळ्याची पट्टी घेऊन परत येते म्हणजे सूनच तशी असणार. ते मी ऐकलं होतं. ऐकून गप्प बसलो होतो.

पुंजाभाऊंनी सगळं ऐकलं.  सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि पुस्तक दाबात घातलं.

लेबलची यादी माझ्याकडं होती. विभागप्रमुख बाईंनी नियम दाखवला. शब्द एकतर विद्यार्थ्यांचे हवेत किंवा परंपरेनं चालत आलेले. बाहेरच्या माणसाचं लेखन निघालं तर गुण कापणार. आवाजाचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तिथं 'विद्यार्थी व सहकारी' लिहा, भागतं." मुलांच्या वर्षाचा प्रश्न होता. प्राजक्ता म्हणाली, "सर, पण पुंजाभाऊ..." मी तिला समजावलं, अगं, ते स्वतःच म्हणतात, झडतीला बाप नसतो. शेवटी 'शब्द' या शब्दापुढं मी लिहिलं, 'पारंपरिक'. वेष्टनापुढं 'विद्यार्थी गट'. तरीही खाली जागा होती. पण मार्गदर्शक म्हणून माझं नाव पदव्यांसकट दोन ओळी खात होतं, आणि पदव्या मी काही काढल्या नाहीत.

लेबलं छापून आली. शंभरच्या शंभर पुंजाभाऊंनी स्वतः लावली. मी जिन्याखाली गेलो, तेव्हा ते एक लेबल हातात घेऊन वाचत होते. शेवटचं पान वाचायची त्यांना सवयच होती. मला पाहून म्हणाले, "कागद चांगला हाय मास्तर." आणि खळीचा कुंचला फिरवला. शंभरातलं एकही लेबल वाकडं नाही. मी नंतर पाहिलं.

अकोल्याला ते आपल्या पैशानं, एसटीनं आले. मी दात लावल्यावर आणि ते ओरडल्यावर पुढचा कार्यक्रम झाला. व्हिडिओ दाखवला. टाळ्या. मग मी यादी वाचायला उभा राहिलो. ज्याचं नाव येई तो उठून उभा राही, लोक टाळ्या वाजवत. प्राचार्य, विभागप्रमुख, प्राजक्ता, तिचे सोबती. छापलेलं वाचून झालं. व्यासपीठावर काही नियम नव्हता, गुण कापायला कुणी बसलेलं नव्हतं. मी समोर पाहिलं. शेवटच्या रांगेत पुंजाभाऊंनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, आणि दोन्ही हातांनी नीट डोक्यावर घातली. मला वाटलं, निघाले. गाडीची वेळ झाली असेल. मी 'धन्यवाद' म्हणून बसलो. बायको तेल्हाऱ्याला जायची म्हणून सोबत आली होती, पुढून तिसऱ्या रांगेत होती. ती मागं वळून पाहत होती. खाली आल्यावर मी तिला म्हणालो, पुंजाभाऊ निघाले वाटतं. दुसरा क्रमांक आला.

त्यानंतर आला पोळा.

दरवर्षीसारखे आम्ही दोघं गावी गेलो. तोपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. आखरावर एरवीपेक्षा दुप्पट गर्दी. मी पाराच्या ओट्यावर सरपंचाशेजारी, आता थोडा नावाचा माणूस म्हणून. बाया एका बाजूला, त्यांच्यात आई आणि बायको. दादा आपली जोडी धरून तोरणाखाली.

पुंजाभाऊंनी सरपंच घेतला, तलाठी घेतला, रस्ता घेतला. गाव खिदळत होतं, मीही. मग त्यांनी टोपी सारखी केली, आणि तोरणाकडं पाहत, अगदी माझ्याकडं न पाहता, म्हणाले,

"मायच्या डोयावर अजून पट्टी,
लेकाच्या घरून मायची सुट्टी!
पाहुने येनार, खाली कर खोली,
पाहुने कोन, ते माय नाही बोलली!"

गाव हसलं. गाव हसलं, कारण ही कुणाची हे कुणालाच कळलं नव्हतं. दहा घरांतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली असतील. लोक एकमेकांकडं पाहत होते, आपापल्या अंगावरून हात फिरवत होते. 'हर हर महादेव' अजून तोंडातच होता.

आणि मी उठलो.

नुसता उठलो नाही, ओरडलो. "हे काय बोलणं झालं पुंजाभाऊ? काहून? मी तुम्हाला विश्वासानं..."

तिथं थांबलो. पण वाक्य जायचं तिथवर गेलं होतं. सगळ्या आखराचं तोंड माझ्याकडं. लहानपणापासून ऐकलेला नियम, ज्याला लागली तो उठतो, आणि पन्नास वर्षांचा, पदव्या दोन ओळींत न मावणारा माणूस, मी, ओट्यावर उभा. सरपंच माझी बाही ओढत हळूच म्हणत होता, "बसा ना सर, बसा." आता बसून काय उपयोग होता? बायकांच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सूनबाईचं काई नव्हतं वो त्यात." तोरण तुटलं. बैल धावले. त्या धुरळ्यात मी ओट्यावरून उतरलो.

घरी दादानं मला पाण्याचा तांब्या दिला आणि बैलांकडं गेला. आई पाटावर बसून बैलांच्या पुरणपोळ्या मोडत होती. मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "मले माहीत होतं रे, पाहुने-गिहुने कोनी नव्हते ते."

"मग बोलली का नाहीस?"

"मले माहीत होतं. गावाले नव्हतं." पोळीचा तुकडा ताटलीत टाकला. "मी सांगत होती सगळ्याईले, पोरगं हात धरून ऱ्हाय म्हने, मीच आली."

मी तिच्या हातातली पोळी घेतली आणि मोडू लागलो. बायकोनं भरलेली ताटली उचलली आणि बैलांकडं नेली. 

सुट्टी संपल्यावर मी थेट जिन्याखाली गेलो. रात्ररात्र जुळवलेलं भाषण होतं माझ्याजवळ. एवढंच बाहेर पडलं, "पुंजाभाऊ, तुम्ही माझा घात केला. इथं, या टेबलावर सांगितलं होतं मी तुम्हाला. दुसऱ्या कुणाला नव्हतं सांगितलं."

त्यांनी दातातला दोरा काढला. आवाजात टोला नव्हता, विचारपूस होती. "मी नाव घेतलं का मास्तर? कोनाचंबी?"

"नाव घ्यायची गरज काय होती?"

"हाव," ते म्हणाले. "नव्हती." आणि दोरा पुन्हा दातांत धरला.

मी त्या जिन्याखाली पुन्हा गेलो नाही. पुस्तक बांधायला द्यायचं झालं तर शिपायाबरोबर पाठवी. येई तेव्हा ते तसंच नीट, कोपरे मारलेलं. हिवाळ्यात पुंजाभाऊ निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली, पोटदुखीची. प्राजक्ता तेव्हा शिकून बाहेर पडली होती, तरी मुद्दाम आली होती म्हणे. तिनं त्यांना एक डबी दिली, तीच लाल झुलीची. मागं, लेबलाखालच्या उरल्या जागेत, तिनं पेनानं काहीतरी लिहिलं होतं. काय, ते मी विचारलं नाही.

ते मग बार्शीटाकळीला लेकीकडं राहायला गेले, असं ऐकलं. मी माझा राग जपून ठेवला होता. जपलेल्या वस्तूसारखा तो कधीमधी काढून पुसायचो. या माणसाला मी मनातलं सांगितलं, आणि यानं ते आखरावर वाजवलं. कुणाही पुढं मांडावं असं साधं, सरळ प्रकरण. बायकोपुढं मात्र मी ते कधी मांडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तेल्हाऱ्याहून परत येत होतो. अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीत बसलो. खिडकीची जागा मला. गाडी सुटायला वेळ होता. समोरच्या फलाटावर, बाकावर, पुंजाभाऊ बसलेले. आणखी वाळले होते. शेजारी शाळेच्या नव्या वह्यांचा गठ्ठा, नातवंडांच्या असतील, आणि ते तो दोऱ्यानं बांधत होते. एक टोक उजवीकडं मोकळं सोडलेलं. टोपी मांडीवर. नख साधंच होतं, माणसाच्या नखासारखं. निळं नाही.

बायकोनं कोपर मारलं. "पुंजाभाऊ हायेत. उठा, भेटून या."

"गाडी सुटेल."

"ड्रायव्हर चहा पिऊन राह्यला तिकडं."

तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. आधी बसची पाटी वाचली, मग खिडकी. मला ओळखलं. हात हलवला नाही, हाक मारली नाही. गठ्ठा बाजूला ठेवला, मांडीवरची टोपी उचलली, झटकली, आणि दोन्ही हातांनी नीट डोक्यावर घातली.

मी पुढच्या सीटच्या पाठीवरची जाहिरात वाचू लागलो. पूर्ण वाचली. ड्रायव्हर आला, गाडी मागं सरकली, वळली. मी बाहेर पाहिलं तेव्हा फलाट दुसऱ्या बाजूला गेला होता.

मूर्तिजापूर आलं. मग मीच म्हणालो, "तसे तेही निघालेच होते. टोपी घातली, पाहिलंस ना?"

बायको माझ्या पलीकडं, खिडकीबाहेर पाहत होती.

"त्या हॉलमदीबी अशीच घातली होती. तेव्हाबी तुमी म्हनले, निंगाला," ती म्हणाली. "तो जाऊन नव्हता राह्यला हो. तुमी नाव घ्यान, म्हनून उठाच्या तयारीत होता."